मिआटाला सहा गिअर लावताना: फ्लायव्हील आणि क्लचचा हिशेब

गाडी १९९४ ची, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. अमेरिकेत हिला मिआटा म्हणतात. इंजिन १.८ लिटरचे, मूळ टॉर्क साधारण १४९ न्यूटन-मीटर, मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१०. पुढे छोटा टर्बो बसवून टॉर्क २३५ पर्यंत न्यायचा बेत आहे, आणि तेवढ्या जोराला या गाडीचा पाच गिअरचा डबा फार काळ पुरत नाही. बहुधा तिसऱ्या गिअरचे दात जातात. म्हणून दुसऱ्या पिढीच्या गाडीतला सहा गिअरचा डबा घेतला. हा डबा आयसिन कंपनीचा एझेड६. माझदाने तो एमएक्स-५ मध्ये पहिल्यांदा दिला १९९९ च्या दहाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत. टोयोटा अल्टेझा आणि निस्सान सिल्व्हिया एस१५ मध्येही हाच डबा, पण बेल हाउसिंग (डबा इंजिनाला जोडणारे पुढचे कवच) आणि गिअरांची गुणोत्तरे वेगळी. माझदाचा असेल तर १.६ आणि १.८ दोन्ही इंजिनांना थेट बसतो, अडाप्टर प्लेट लागत नाही.

डबा बसतो म्हटल्यावर फ्लायव्हील (इंजिनाच्या शाफ्टला जोडलेली जड चकती) आणि क्लचचा विचार लोक शेवटी करतात, तोही किलोत: जेवढे हलके तेवढे चांगले. आधी गिअरांची गुणोत्तरे कागदावर मांडली की हा हिशेब बराच बदलतो.

पाच गिअरचा पहिला ३.१३६, पाचवा ०.८१४. सहा गिअरचा पहिला ३.७६०, दुसरा २.२६९, तिसरा १.६४५, चौथा १.२५७, पाचवा सरळ १.०००, सहावा ०.८४३. म्हणजे सहावा गिअर जुन्या पाचव्यापेक्षा आखूड आहे, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरवतो! हायवेला इंजिन शांत फिरेल या आशेने हा डबा घेणाऱ्यांनी इथेच थांबावे. १९५/५० आर१५ टायरवर, ४.१० चे डिफरन्शियल तसेच ठेवले, तर ताशी १०० किलोमीटरला पूर्वी साधारण ३,०७० आरपीएम होते, आता ३,१८० होतात. मूळ सहा गिअरच्या गाडीत डिफरन्शियल ३.९०९ चे होते. ३.६३६ चा क्राउन-पिनियन मिळाला तर आरपीएम २,८२० पर्यंत खाली येतात. आम्ही सध्या ४.१० वरच राहिलो, कारण एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की आवाज कशाचा येतोय ते कळत नाही.

फ्लायव्हीलच्या दृष्टीने महत्त्वाचा पहिला गिअर. ३.७६० गुणिले ४.१० म्हणजे १५.४. पूर्वी हा आकडा १२.९ होता. एवढ्या आखूड पहिल्या गिअरात गाडी हलक्या फ्लायव्हीलवरही सहज सुटते, आणि हलक्या फ्लायव्हीलचा फायदाही तिथेच सर्वांत जास्त दिसतो. तो किती, हे वजनकाट्यावर कळत नाही. वजन केंद्राजवळचे कमी केले की कडेचे, त्यावर सगळे अवलंबून. त्यासाठी जडत्व मोजावे लागते, आणि ते घरी मोजता येते.

पद्धत अशी. प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) सहा बोल्टच्या भोकांपैकी एकाआड एक तीन घ्यायची आणि त्यांतून सारख्या लांबीच्या तीन बारीक तारांनी फ्लायव्हील आडवे टांगायचे. आमच्या तारा दीड मीटरच्या, केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर. फ्लायव्हील हाताने थोडे पिळून सोडायचे, ५-७ अंश पुरे, आणि २० हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा. डोलायला लागले तर थांबवून पुन्हा सोडायचे, नुसते पिळे खात राहिले पाहिजे. मग जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले एका हेलकाव्याच्या काळाचा वर्ग, भागिले ३९.५ गुणिले तारेची लांबी. सगळे किलो, मीटर, सेकंदात.

तीन फ्लायव्हील टांगून पाहिली. मूळ बिडाचे ८ किलोचे: २० हेलकाव्यांना ४०.९ सेकंद, जडत्व ०.०८० किलो-वर्गमीटर. क्रोमोली पोलादाचे ५.३ किलोचे: ४१.७ सेकंद, ०.०५५. ॲल्युमिनियमचे ३.९ किलोचे: ४१.५ सेकंद, ०.०४०. काळ जवळपास सारखाच येतो, पण हलक्यांचा किंचित जास्त. याचा अर्थ वजन कमी झाले ते कडेपेक्षा मधूनच थोडे अधिक. साहजिक आहे, कारण स्टार्टरची दातेरी रिंग तिन्हींना पोलादाचीच लागते आणि ती अगदी काठावर बसते. वजन निम्म्याहून कमी झाले म्हणून जडत्व निम्म्याहून कमी झाले, असे होत नाही.

हा फरक गाडीला किती जाणवतो? जडत्वातला फरक गुणिले एकूण गुणोत्तराचा वर्ग, भागिले टायरच्या त्रिज्येचा वर्ग (०.२८८ मीटर) केले, की गाडीचे वजन जणू किती उतरले ते किलोत मिळते. ॲल्युमिनियमला पहिल्या गिअरात सुमारे ११५ किलो, दुसऱ्यात ४२, तिसऱ्यात २२, सहाव्यात जेमतेम ६. क्रोमोलीला पहिल्यात ७२, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात १४, सहाव्यात ४ देखील नाही. ट्रॅकवर माणूस तिसऱ्या-चौथ्यात असतो. म्हणजे ॲल्युमिनियम आणि क्रोमोली यांच्यातला खरा फरक तिथे आठ किलो किंवा त्याहून कमी. डिकीतले एक्स्ट्रा टायर घरी ठेवले तरी तेवढे निघते. गिअर उतरवताना पायाने रेस देऊन आरपीएम जुळवणे मात्र हलक्या फ्लायव्हीलवर फार झटपट होते, आणि ज्याला ते आवडते त्याला हे आकडे दाखवून उपयोग नाही.

आम्ही क्रोमोली घेतले. ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलवर घर्षणासाठी पोलादाची वेगळी चकती स्क्रूने बसवलेली असते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून ते स्क्रू सुस्थितीत असायलाच हवेत. चकती घासली की ती बदलता येते, हा त्याचा मोठा गुण. पण टर्बोच्या गाडीत, शहरातल्या वाहतुकीत अर्धा क्लच दाबून सरकताना निर्माण होणारी उष्णता साठवायला जाड धातू हवा असतो. तिसरा मार्ग काही जण सुचवतात: मूळ बिडाचे फ्लायव्हील लेथवर घालून मागून खरवडायचे. हे करू नये. बीड ताणाला कच्चे असते, आणि ७,००० आरपीएमला फुटलेले फ्लायव्हील बेल हाउसिंग फोडून थेट पायांपाशी येते. विकत घेताना एसएफआय १.१ (रेसिंगच्या भागांचे सुरक्षा मानक) चा शिक्का पाहावा, तो याच कारणासाठी असतो.

मूळ फ्लायव्हीलच पुन्हा वापरायचे असेल तर फेसिंग (घासणारा पृष्ठभाग लेथवर सपाट करणे) करून घ्यावे, पण लेथवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी. क्लच प्लेट घासते तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट बसते तो काठ यांच्या पातळीत जेवढे अंतर आधी होते तेवढेच नंतर राहिले पाहिजे. फक्त मधला भाग अर्धा मिलिमीटर खाली घेतला तर प्रेशर प्लेटची पकड तेवढी सैल होते, आणि नवीन क्लचही घसरू शकतो. आधी डेप्थ गेजने मोजून आकडा फ्लायव्हीलवर मार्करने लिहून द्यावा.

आता क्लच. १.६ च्या गाड्यांत २०० मिलिमीटरची क्लच प्लेट, १.८ मध्ये २१५ ची. ज्यांच्याकडे १.६ आहे त्यांनी १.८ चे फ्लायव्हील आणि क्लच एकत्र घ्यावे, ते क्रँकला (इंजिनाच्या मुख्य शाफ्टला) जसेच्या तसे बसते. दोन्हींच्या स्प्लाइनला (डब्याच्या शाफ्टवर सरकणाऱ्या खाचांना) २२ दात. आमच्याकडे २१५ होतीच.

क्लच किती टॉर्क सोसेल, हे साध्या गुणाकारात निघते: दोन बाजू, गुणिले घर्षणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. आमच्या प्लेटच्या अस्तराचा बाहेरचा व्यास २१५, आतला १५०, म्हणून सरासरी त्रिज्या ९१ मिलिमीटर. ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरला. २३५ न्यूटन-मीटरवर साधारण २८ टक्के राखीव, म्हणजे ३०० सोसणारा क्लच हवा. त्याला दाब निघतो सुमारे ५,५०० न्यूटन, म्हणजे ५६० किलोचा भार. तापल्यावर घर्षणांक ०.२५ वर उतरला तरी २५० न्यूटन-मीटर उरतात, अजून इंजिनापेक्षा जास्त. हिशेब इथे संपला. याहून कडक प्रेशर प्लेट घेण्याचे काही कारण नाही.

कारण कडक प्रेशर प्लेटची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ती सोडवायला पेडलला जास्त जोर लागतो, तो जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो, आणि तो पेलते थ्रस्ट बेअरिंग. इंजिन सुरू करताना तिथे तेलाचा थर नसतो. अमेरिकेतल्या गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही, तसा स्विचच असतो, त्यामुळे रोज सकाळी कोरडे घर्षण. थ्रस्ट बेअरिंग गेले की इंजिन उतरवावे लागते. म्हणून दाब लागेल तेवढाच.

अस्तराचा प्रकार निवडताना सहा ठोकळ्यांच्या सिरॅमिक प्लेटचा मोह बाजूला ठेवला. ती धरते उत्तम, पण एकदम धरते, चढावर गाडी उड्या मारत सुटते, आणि तिचे ठोकळे फ्लायव्हील खरवडतात. केव्हलर गुळगुळीत सुटतो, टिकतोही, पण त्याला लांब आणि संयमाची रनिंग लागते, आणि एकदा चकाकी चढली तर परत धरत नाही. आम्ही ऑरगॅनिक अस्तर आणि स्प्रिंग बसवलेला हब (मधला भाग) असलेली प्लेट घेतली. हबच्या स्प्रिंगा हव्यातच. हलके फ्लायव्हील इंजिनाचे धक्के कमी गिळते, ते धक्के डब्यात जायच्या आधी कुठेतरी मरायला हवेत.

इथेच पहिली अडचण आली. नव्या फ्लायव्हीलबरोबर आलेल्या सहा बोल्टांची डोकी, वॉशर धरून, मूळ बोल्टांपेक्षा उंच निघाली. प्लेटचा हब त्यांना घासेल का? डोळ्यांनी कळत नाही. घट्ट मळलेली कणीक हरभऱ्याएवढी घेऊन दोन बोल्टांच्या डोक्यांवर चिकटवली, वरून प्लास्टिकचा पातळ कागद, प्लेट आणि प्रेशर प्लेट लावून बोल्ट आवळले, पुन्हा उघडले. कणीक जिथे सर्वांत पातळ झाली तिथे १.२ मिलिमीटर होती. एवढी जागा पुरते, पण प्लेट झिजली की हब फ्लायव्हीलच्या जवळ सरकतो, म्हणून सुट्टे वॉशर काढून कॉलर असलेले बोल्ट घेतले. मग १.९ आली. प्लेट उलटी बसवली तर हेच अंतर शून्य होते आणि क्लच सुटतच नाही. 'फ्लायव्हील साइड' छापलेली बाजू फ्लायव्हीलकडेच.

जुने फ्लायव्हील काढले की क्रँकचे मागचे ऑइल सील समोर येते. ते ओले नसले तरी बदलावे, कारण परत एवढे उतरवायला कोणी राजी नसते. नवीन सील चौकटीच्या पातळीला बसेल इतकेच, आत ठोकत बसू नये. फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोके क्रँककेसमध्ये आरपार जातात, म्हणून आटे पूर्ण कोरडे पुसून त्यांवर सीलंट लावायचे. हे विसरले की तेल आट्यांतून येते, प्लेटवर उडते, आणि नव्या सीलला दोष दिला जातो. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, शेवटी १०० न्यूटन-मीटर.

पायलट बेअरिंग (डब्याच्या इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे) या गाडीत क्रँकमध्ये नसते, फ्लायव्हीलच्या मध्यात बसते. नव्या फ्लायव्हीलबरोबर ते वेगळे घ्यावे लागते. बसवण्याआधी डब्याच्या इनपुट शाफ्टचे टोक आणि बेअरिंगचे आतले भोक व्हर्नियरने मोजून घेतले. बसवताना सॉकेट असा निवडायचा की तो फक्त बाहेरच्या रिंगवर टेकेल. आतल्या रिंगवर एक जरी टोला बसला तरी गोळ्यांचे खड्डे उमटतात, आणि महिन्याने पेडल दाबल्यावर बारीक किरकिर सुरू होते. लोक ती रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणाऱ्या बेअरिंगची) समजतात.

फ्लायव्हील आवळल्यावर डायल गेज लावून एक फेरा फिरवला आणि ते किती लडबडते ते पाहिले. मर्यादा ०.२ मिलिमीटर, आमचे ०.०६ आले. जास्त आले तर नवीन फ्लायव्हील लगेच परत पाठवू नये. दहात नऊ वेळा क्रँकच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा किंवा जुन्या सीलंटचा कण असतो.

प्रेशर प्लेट लावण्याआधी दोन्ही घासणारे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसले. नवीन भागांना गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. सेंटरिंग टूल घालून बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा, शेवटी २२ न्यूटन-मीटर. एका बाजूने पूर्ण आवळले तर डायफ्रामचा कप वाकतो आणि मग पेडल थरथरते.

ग्रीसबद्दल सगळेच सढळ असतात. स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचे ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढे, बोटाने पसरून, प्लेट दोन-तीनदा सरकवून बाहेर आलेले पुसून टाकायचे. फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टेकूला थोडे. याहून जास्त लावलेले ग्रीस फिरताना अस्तरावर उडते.

डबा चढवणे म्हणजे ताकदीपेक्षा धीर. हा डबा जुन्यापेक्षा जड आहे, ट्रान्समिशन जॅक नसेल तर भाड्याने आणावा. स्टार्टरचा वरचा बोल्ट या गाडीत कुप्रसिद्ध. वरून हात जात नाही, खालून सांधा असलेला एक्स्टेन्शन साठ-सत्तर सेंटिमीटर जोडून १४ चा सॉकेट घालावा लागतो. डबा आत जाताना इनपुट शाफ्ट स्प्लाइनमध्ये शिरला आणि शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर राहिले, तर बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून तो ओढून घ्यायचा नाही, आणि डबा तसाच लोंबता सोडून चहाला जायचे नाही. त्या लटकत्या वजनाने प्लेटचा हब वाकतो. मागचे टोक थोडे उचलून, आउटपुट शाफ्ट हाताने फिरवून, दोन्ही डॉवेल पिनांवर तो स्वतःहून टेकायला हवा.

पॉवर प्लांट फ्रेम, म्हणजे डबा आणि डिफरन्शियल जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई, आम्ही सहा गिअरच्या गाडीचीच डब्याबरोबर घेतली. भोके जुळवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते. तिचे बोल्ट ११० न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिल्या पिढीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, दुसऱ्या पिढीचा सेन्सरवर, म्हणून जुन्या डब्यातला केबलचा तुकडा काढून नव्यात बसवला आणि वेग जीपीएसशी ताडून पाहिला. फ्लायव्हील बदलल्याने इग्निशनच्या वेळेला धक्का लागत नाही, कारण या इंजिनाचा सेन्सर कॅमच्या टोकाला आहे, फ्लायव्हीलवर नाही. ज्या गाड्यांत तो फ्लायव्हीलचे दात वाचतो, तिथे ही सोय नाही. तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, १.७५ लिटर. पाच गिअरच्या सवयीने दोन लिटर ओतू नये.

सुरू केल्यावर थंड असताना सगळे ठीक. वीस मिनिटांनी रिव्हर्स घालताना किर्र आवाज. पहिला संशय साहजिकच नव्या क्लचवर. पण पेडल पूर्ण दाबून स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलचा जोर क्लचच्या फोर्कला देणाऱ्या सिलिंडरचा) दांडा किती सरकतो ते मोजले, तर ९ मिलिमीटर. रबरी टोपी मागे सारली, आत ओल. स्लेव्ह सिलिंडर ही या गाडीची जुनीच खोड आहे, आणि कडक प्रेशर प्लेटने ती फक्त उघडी पाडली. नवा सिलिंडर, रबरी होजच्या जागी पोलादी जाळीचा, आणि हवा काढल्यावर तोच दांडा १३ मिलिमीटर सरकू लागला. आवाज गेला. गिअरबॉक्स परत उतरवण्याआधी दोन पैशांची फुटपट्टी वापरावी.

आयडलला न्यूट्रलमध्ये डब्यातून बारीक खडखड ऐकू येते, पेडल दाबले की थांबते. ही हलक्या फ्लायव्हीलची देणगी, बिघाड नव्हे. एसी लावल्यावर आरपीएम आधी ६०० पर्यंत पडत होते. डायग्नॉस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन पिना जोडून थ्रॉटल बॉडीवरच्या स्क्रूने आयडल ८५० ऐवजी ९२० वर आणले, तेव्हा पडणे थांबले आणि खडखडही निम्मी झाली.

पहिले ५०० किलोमीटर शहरातले, थांबत-सुटत, टर्बो नाही, पूर्ण थ्रॉटल नाही. नुसते हायवेवर ५०० काढले तर अस्तर बसतच नाही, कारण तिथे क्लच घासत नाही. पहिले दोन आठवडे थंड क्लच सुटताना किंचित थरथरला, मग स्वतःच थांबला. १,५०० ला डब्याचे तेल काढले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, बोटांत चोळला तर खर लागली नाही. पितळेची चमक तेलात कुठे दिसली नाही.